शेपटीवरची खाच

एका जंगलात एक समुद्र होता. जंगलात समुद्र कुठून आला, असं विचारायचं नाही, बाळांनो. बोधकथा जंगलातच घडते. समुद्राला तिथे यावंच लागतं.

त्या समुद्राकाठी दर्याबा नावाचं पाणमांजर राहायचं. त्याची एक लहानशी होडी होती आणि काशी नावाची बायको. दोघांचं पोट शेवंडींवर चालायचं. शेवंड म्हणजे लांबलचक मिशांची, कोळंबीची थोरली बहीण.

पण शेवंडी मिळेनाशा झाल्या. लोभापायी सगळ्यांनी अंड्यावरच्या माद्याही मारल्या होत्या. मग पिल्लं येणार कुठून?

वाळूवर गावकी बसली. कासवआजोबा म्हणाले, "पोटाखाली अंडी असलेली शेवंड परत सोडायची. सोडताना तिच्या शेपटीला कात्रीने छोटीशी खाच पाडायची. पुढे ती कुणाच्याही जाळ्यात आली, अंडी असोत की नसोत, खाच बघून त्यानेही सोडायची. आई आहे ती."

सगळ्यांनी समुद्राला नारळ दिला आणि शपथ घेतली. सुरुवातीला हाल झाले, पण काही हंगामांत जाळी पुन्हा जड झाली. दर्याबाने होडीला रंग दिला. काशीने नथ केली.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण खाचेची बातमी पाण्याखालच्या खडकांत पोचली.

"खाच असली की सोडतात!" शेवंडींचे नर एकमेकांना म्हणाले आणि थेट खेकड्याकडे गेले. खेकड्याच्या दोन्ही हातांत जन्मतःच कात्र्या. त्याने दुकानच थाटलं. थोराड ब्रह्मचारी आत जायचे आणि आई होऊन बाहेर पडायचे.

एका सकाळी दर्याबाने जाळं ओढलं. काठोकाठ शेवंडी! पण प्रत्येकीला खाच. त्याने त्यातली एक दांडगी शेवंड उचलली.

"तू आई?"

"कैकदा," शेवंड घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"आणि एवढ्या मिशा?"

"आमच्यात बायकांनाही असतात."

हे खरंच होतं. दर्याबाने हात जोडले आणि तिला पाण्यात सोडलं. मग बाकीच्यांनाही सोडलं.

घरी काशीने पान वाढलं. "अहो, समुद्र नुसता बुजबुजलाय म्हणतात. आणि आपल्याला कोरडा भात?"

"सगळ्या आयाच निघाल्या गं."

"मग बाप कुठे आहेत?"

दर्याबाचा घास हातातच राहिला. हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता. तो तसाच उठला आणि कासवआजोबांकडे गेला.

"आजोबा, खाचा खोट्या आहेत. उलटं करून बघितलं की नर की मादी ते लगेच कळेल."

"आईला उलटं करणार?" कासवआजोबा थरथरले. "लाज नाही वाटत?"

दर्याबाला वाटली. तो मान खाली घालून परत आला.

इकडे ही वार्ता सिंहमहाराजांच्या कानावर गेली. "आमच्या राज्यात एवढ्या आया!" महाराजांना गहिवरून आलं. त्यांनी मातृसन्मान महोत्सव जाहीर केला. दूरदूरच्या जंगलांतले पाहुणे बोलावले. आता पाहुण्यांना जेवायला काय? अर्थात शेवंड.

"पण महाराज, खाचवाल्या मारायच्या नाहीत," दर्याबा धीर करून म्हणाला. "आम्ही शपथ घेतलीय."

महाराजांनी कोल्हा प्रधानाकडे पाहिलं.

"शपथ मोडायचीच नाही," कोल्हा म्हणाला. "खाच कुठे असते? शेपटीला. शेपटी काढून घेतली की खाच उरत नाही. बिनखाचेची शेवंड मारायला गावकीचीच परवानगी आहे."

"आणि शेपटीचं काय करायचं?" महाराजांनी विचारलं.

"तीच तर खायची असते, महाराज."

दरबारी होड्या आल्या. खऱ्या आया गेल्या, खोट्या आया गेल्या. महाराजांचं मातृत्वावरचं भाषण ऐकून पाहुणे रडले आणि रडता रडता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. खेकड्यालाही खास आमंत्रण होतं. तो रश्श्यात होता.

समुद्र ओस पडला. दर्याबा तरी जाळं टाकत राहिला. शिंपले यायचे, शेवाळ यायचं. मग एके दिवशी जाळ्यात एक शेवंड आली. लहानखुरी, भ्यालेली, पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस.

"माझी खाच राहिलीय," ती म्हणाली. "कात्री असेल तर पाडा ना."

दर्याबाने कात्री काढली. दूरवर दरबारी होडी फिरत होती. त्याने कात्री खाली ठेवली.

"नको, बाई. खाच दिसली की तू दिसशील."

"मग मला कुणी धरलं तर?"

"विंचू आहे म्हणून सांग."

आणि त्याने तिला हळूच पाण्यात सोडलं.

घरी काशीने विचारलं, "काही मिळालं का?"

"विंचू होता. सोडून दिला."

काशीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. पाण्यात विंचू नसतात, हे तिला ठाऊक होतं.

"बरं केलंत," ती म्हणाली आणि चूल फुंकायला बसली.

तात्पर्य : बाळांनो, नियम कधीही मोडू नये. नीट शिजवला तर तो अख्खा खाता येतो.