वाटेतलं झाड

जंगल वाचवणाऱ्या संस्थेतल्या माणसाने जंगलाच्या मालकिणीसमोर किती बोलावं, याला काही मर्यादा असावी. पाचोळा ती पाळत नसे. ऑफिसच्या अंगणातली वाळलेली पानंसुद्धा तो कुणाला झाडू देत नसे, म्हणून सगळे त्याला पाचोळा म्हणत.

मावशींशी, म्हणजे त्या मालकिणीशी, जंगल राखण्याचा करार जमवणं हे सध्या त्याचं काम होतं. मावशी एकट्या राहत. जंगलाच्या मधोमध घर, घरापर्यंत एकच गाडीवाट. त्यांच्या पश्चात त्यांचा पुतण्या इथे बंगले उठवणार होता, आणि तसं तो स्वतःच आनंदाने सांगत फिरायचा. करार झाला तर मालक बदलला तरी जंगल कायमचं वाचणार होतं.

"पडलेलं झाडसुद्धा आम्ही हलवत नाही, मावशी," व्हरांड्यात पाचोळा रंगात आला होता. "पडलं तिथेच कुजणार. त्यावर किडे, किड्यांवर पक्षी..."

"आणि वाटेत पडलं तर?"

संस्थेच्या मसुद्यात वाटेपुरती सूट होती. पण सूट म्हटलं की मावशींच्या कपाळाला आठी पडते, हे त्याने हेरलं होतं. त्याने पेन काढलं आणि ती ओळच खोडली. "अपवाद नाही!"

"बघते विचार करून," मावशी म्हणाल्या.

निसर्ग मात्र विचार करत बसला नाही. जोराचा वारा सुटला आणि एक जुनं झाड कडाडून घरासमोरच गाडीवाटेवर आडवं झालं. संस्थेची एकुलती एक जीप अलीकडे, उरलेलं जग पलीकडे.

"करवत आहे मागे," ड्रायव्हर म्हणाला. "आत्ता मोकळं करतो."

पाचोळ्याने मावशींकडे पाहिलं. मावशी त्याच्याकडेच बघत होत्या.

"राहू दे. चालत जाऊ."

"आणि जीप काय खांद्यावर घेऊ, साहेब?"

दुसऱ्या दिवशी संचालिकाबाईंनी विचारलं, "जीप कुठे आहे?"

"जंगलात."

"कधी येणार?"

"कुजायला वेळ लागतो, मॅडम."

नंतर मावशींचा गॅस संपला. एजन्सीच्या माणसाने सिलेंडर झाडापलीकडेच ठेवला आणि तो निघून गेला. पाचोळ्याने तो खांद्यावर घेऊन, खोडावरून चढून, चेहऱ्यावरचं हसू ढळू न देता घरात पोचवला. मावशींनी मोठा उसासा सोडला. तो समाधानाचा आहे, असं पाचोळ्याने ठरवून टाकलं.

शेवटी संचालिकाबाई आणि वकीलसाहेब कराराचे कागद घेऊन आले. झाड ओलांडताना वकीलसाहेबांची पँट गुडघ्यावर फाटली. पाठोपाठ पुतण्या हजर, हातात मोटरची करवत.

"काकू, एक झाड हलवता येत नाही यांना, जंगल काय सांभाळणार? थांब, मीच कापतो."

पाचोळा धावत जाऊन खोडावर बसला. "आधी मला कापा!"

पुतण्याने या सूचनेचा खरोखरच विचार केला. तेवढ्यात व्हरांड्यातून मावशी म्हणाल्या, "पेन द्या इकडे." आणि त्यांनी सही केली. पुतण्या पाय आपटत निघून गेला.

"झालं ना? आता कापा बाबांनो ते झाड एकदाचं!"

पाचोळा खोडावरून खाली उतरला.

"मावशी, तुम्हालाच तर चालणार नव्हतं ना?" पाचोळा म्हणाला.

"मी कधी म्हटलं? मला वाटलं, हा आज कापेल, उद्या कापेल. दूधवाला यायचा थांबला, तरी गप्प बसले. म्हटलं, पोराच्या तत्त्वाचा प्रश्न आहे, आपण कशाला मधे बोला!"

ड्रायव्हर करवत घेऊन उठलासुद्धा. वकीलसाहेबांनी फाटक्या गुडघ्यावर हात ठेवत घसा खाकरला. "मघापर्यंत ते झाड मावशींचं होतं. कापलं असतं तर कुणी विचारलं नसतं. आता विचारतील. वाटेपुरती सूट होती खरी, पण ती ओळ कुणीतरी खोडली आहे."

सगळ्यांनी पाचोळ्याकडे पाहिलं. पाचोळ्याने झाडाकडे पाहिलं.

"मग बदला करार!" संचालिकाबाई कडाडल्या.

"मॅडम, बदलता येऊ नये, असाच तर करून मागितला होतात."

ड्रायव्हरने करवत खाली ठेवली. मावशी बराच वेळ जीपकडे बघत राहिल्या.

"म्हणजे मी सांगितलं तरी नाही कापणार?"

"नाही कापता येणार, मावशी," पाचोळा पुटपुटला.

"पुतण्याने सांगितलं तर?"

"तरीही नाही."

"आणि मी गेल्यावर?"

"तेव्हाही नाही."

मावशी खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"खरं सांगू? सही करताना तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता," हातानेच डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आत्ता बसला."