अप्पांच्या गेमचं गाणं

“अडुसष्ट गेम! सगळे मिळून चाळीस जीबी होते. आता किती? अठरा!” नवरा खुर्चीतून गर्रकन वळला. “टाक तुझे फोटो, हवे तेवढे.”

फोटो म्हणजे दीड वर्षाच्या मुलीचे. त्याच्या बायकोचा, म्हणजे या घरच्या सुनेचा मोबाईल तुडुंब भरला होता आणि त्यातला एकही फोटो पुसायला तिचा हात धजत नव्हता. नुसत्या पहिल्या दाताचे एकशेबारा होते, आणि तिच्या मते प्रत्येकात दात वेगळा दिसत होता. म्हणून पंधरा दिवस तिनेच भुणभुण लावली होती, की अप्पांच्या कॉम्प्युटरवर जागा करून दे.

अप्पा म्हणजे तिचे सासरे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्तीनंतरची सहा वर्षं रोज दुपारी या कॉम्प्युटरवर जुन्या जमान्यातल्या गाड्यांच्या शर्यती खेळले. तीन महिन्यांपूर्वी ते गेले, तेव्हापासून खोली बंदच होती.

“मूळ फाईली ठेवल्यास ना?” सुनेने विचारलं.

“कशाला? सगळं दाबून नव्या फाईलीत बसवलंय. जुनं पुसलं, कचरापेटीसुद्धा रिकामी केली.”

“एकेक उघडून बघितलास?”

“अगं, अडुसष्ट आहेत! तू ना, उकळलेलं पाणीसुद्धा परत उकळशील.”

ती तसं करायची, हे खरं होतं.

नवऱ्याने लगेच दुसरा उद्योग काढला. खोली भकास वाटते म्हणून त्याने नवे स्पीकर आणि रंगीत दिवे आणले होते. कीबोर्डखाली, पंख्यात, टेबलाच्या कडेने. प्लगइन, म्हणजे छोटासा जोड-प्रोग्रॅम, टाकलं की दिवे गाण्याच्या तालावर नाचणार होते. मुलीच्या हाताला कुठली तार लागेल ते बघत सून टेबलाखाली रांगत होती, तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

तीन महिन्यांत सासूबाईंनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. वाढलं तर जेवायच्या, विचारलं तर बोलायच्या. दुपारी छताकडे बघत पडून राहायच्या. झोप म्हणून लागत नव्हती.

“ते ह्यांचं गाड्यांचं गाणं लावता येईल का रे?” त्या म्हणाल्या. “दुपारी भिंतीपलीकडून यायचं. काय कटकट लावलीय म्हणून मी ओरडायचे. पण त्यावरच डोळा लागायचा माझा.”

नवरा बायकोकडे बघायला लागला, बायको नवऱ्याकडे. आईने काहीतरी मागितलं होतं!

“आत्ता लावतो आम्ही, आई! बसा तुम्ही,” सून म्हणाली आणि तिने खुर्ची पुढे केली.

गेम सुरू झाला. गाड्या धावल्या, इंजिनं गुरगुरली, ब्रेक किंचाळले. गाणं मात्र नाही. ताल मिळेना म्हणून दिवेही मुकाट.

“हे प्लगइनच गंडलंय,” म्हणून नवऱ्याने दुसरं टाकलं. पहिलं काढायचं राहिलं. दोन्ही प्लगइननी त्याच दिव्यांवर हक्क सांगितला. कीबोर्ड लाल झाला, पंखा हिरवा आणि टेबलाची कड रुग्णवाहिकेसारखी लुकलुकायला लागली. मुलीने भोकाड पसरलं. सुनेने एका हाताने तिचे डोळे झाकले, दुसऱ्या हाताने वायर उपटली. ती नेमकी इंटरनेटची निघाली.

“राहू दे,” सासूबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. बाकी गेम एकेका फाईलीचे होते. या गेमच्या चौदा होत्या.

“एकीत गेम, तेरांत गाणी,” नवरा पुटपुटला. “मी सगळ्यात मोठी घेतली. बाकीच्या मला फालतू वाटल्या.”

“फालतू?” एवढंच सून म्हणाली. जागा तिनेच मागितली होती. त्या रिकाम्या जागेत तिने एकही फोटो टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने गुपचूप दुसऱ्याच गेमचं गाणं लावून बघितलं.

“हे नाही,” सासूबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या. त्याने आणखी एक लावलं. “हे तर दुकानाच्या उद्घाटनाचं वाटतंय.” तिसऱ्याला त्या नुसत्या कुशीवर वळल्या. सहा वर्षं ज्या गाण्याला कटकट म्हटलं, त्यात त्यांना फसवणं शक्य नव्हतं.

शेवटी सुनेला ग्रीसकाका आठवले. अप्पांचे कामावरचे जोडीदार. बोटांवरचं ग्रीस निवृत्त झाल्यावरही गेलं नव्हतं. मुळात गेमची सीडी त्यांचीच. रविवारी ते ती हातरुमालात गुंडाळून घेऊन आले. नवऱ्याने या वेळी चौदाच्या चौदा फाईली उतरवल्या, तीनदा मोजल्या आणि बायकोला चौथ्यांदा मोजायला लावल्या.

दुपारी गाणं लागलं. दिवे तालावर निळे-जांभळे धावले. नवऱ्याचे डोळे भरून आले. सासूबाई आज त्याच खोलीतल्या पलंगावर पडून लक्ष देऊन ऐकत होत्या.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण हे ते नाही.”

“आई, हेच आहे! मूळ सीडीवरचं!”

“अरे, ते असं खाली-खाली जायचं. मध्येच थांबायचं. मग ‘हट् मेल्या’ व्हायचं, आणि परत पहिल्यापासून सुरू.”

“गाण्यात ‘हट् मेल्या’?” सुनेने विचारलं.

ग्रीसकाकांनी कप खाली ठेवला. “वहिनी, पण तो तर कानाला हेडफोन लावून खेळायचा. तुमची झोप मोडू नये म्हणून. गाण्याचा आवाज बाहेर येणार कुठून?”

दिवे आपले नाचत होते.

“म्हणजे हे स्वतःच गुणगुणायचे?” सासूबाई सावकाश म्हणाल्या. “सहा वर्षं? इतकं बेसूर?” आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्या हसल्या. हसता हसता डोळे पुसले. “लाव परत. हळू लाव.”

मग त्या एकेक जागा दाखवायला लागल्या. “इथे चुकायचे... इथे दम लागायचा... इथे गाडी आपटत असणार.” तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा त्या गप्प झाल्या. ग्रीसकाका चपला हातात घेऊन बाहेर पडले. नवऱ्याने दिवे बंद केले. सून पांघरूण घालायला पलंगाशी गेली.

सासूबाईंचे डोळे उघडेच होते.

“झोप नाही येत गं ह्यावर,” त्या म्हणाल्या. “फारच सुरात आहे.”