ल्युबिवोयेचं सिनेमायंत्र

"घरात सिनेमा आणणार म्हणजे आणणार!" असं म्हणून ल्युबिवोयेने टेबलावर मूठ आपटली. राकिया दारूचे पेले थरथरले, पण साडूच्या चेहऱ्यावरचं हसू तसूभरही हललं नाही.

साडू म्हणजे त्रिफुन. त्याने नुकताच दरवाजाएवढा टीव्ही घेतला होता आणि तो दाखवायलाच दोघा नवराबायकोंना जेवायला बोलावलं होतं. ल्युबिवोये किकिंदाच्या शाळेत भूगोल शिकवायचा. अख्खी पृथ्वी त्याने नकाशावर पाहिली होती, पण साडूचा टीव्ही त्याला बघवेना.

"याला सिनेमा म्हणत नाहीत, साडूभाऊ! सिनेमा म्हणजे फिल्म फिरली पाहिजे, खडखडली पाहिजे, अंधारातून उजेडाचा झोत गेला पाहिजे! संत निकोलाच्या दिवशी आमच्या घराण्याच्या सणाला, स्लावाला, याल ना, तेव्हा दाखवतो!"

"मास्तरांच्या पगारात?" त्रिफुनने ऑलिव्ह तोंडात टाकत विचारलं.

"जुनं घेईन! बंद पडलेली थिएटरं काय कमी आहेत?"

"अहो, आपल्या घरात सणाला पाहुणे मावत नाहीत," विदोसावा म्हणाली. पण बायकोचं ऐकण्याच्या मनःस्थितीत ल्युबिवोये नव्हताच!

शोध सुरू झाला. एका जाहिरातीतलं 'सिनेमायंत्र' प्रत्यक्षात स्लाइड दाखवायचा डबा निघाला. दुसऱ्या माणसाने फोनवर जी किंमत सांगितली, तीत यंत्राबरोबर थिएटर आणि थिएटरखालची जमीनही यायला हवी होती. तिसऱ्याने नोवी सादपर्यंत बोलावून घेतलं आणि शिवणयंत्र पुढे ठेवलं! "यातही रीळ फिरतं की!" तो म्हणाला.

स्लावा तोंडावर आला, तेव्हा कुठे कोसारा आजीची जाहिरात सापडली. 'सिनेमाचं यंत्र. चालू. स्वस्तात. न्यायला स्वतः यावे.' म्हातारी रुमानियाच्या हद्दीजवळच्या एका खेड्यात राहायची. तिचा नवरा तिथल्या थिएटरात यंत्र चालवायचा. थिएटर बंद पडलं, नवरा गेला, यंत्र राहिलं.

ल्युबिवोयेने फोन लावला. "आजी, केवढं आहे हो यंत्र?"

"काय म्हणालास?"

"केवढं आहे? मोठं आहे का?"

"छे रे बाबा! माझा म्हातारा एकटा उचलायचा!"

ल्युबिवोयेला उड्याच माराव्याशा वाटल्या. म्हातारा माणूस एकटा उचलायचा, म्हणजे सुटकेसएवढं असणार! त्याने तिथल्या तिथे सौदा पक्का केला.

"पण आजच ने हो," आजी म्हणाली. "त्या खोलीत मला डुकराच्या मांड्या धुरी द्यायला टांगायच्यात. नाही नेलंस तर दुपारी भंगारवाला येतोय!"

आज म्हणजे नेमका संत निकोलाचा दिवस! सकाळी पाद्री येऊन सणाचा पाव कापून गेले होते, मेणबत्ती तेवत होती, ओट्यावर कार्प मासे लांबलचक पडले होते. विदोसावा हातात सुरी घेऊन वळली.

"आज? सणाच्या दिवशी तुम्ही बाहेर निघालात?"

"हा गेलो आणि हा आलो! काखेत मारून आणायचं आहे फक्त!"

तरी सावधगिरी म्हणून त्याने त्रिफुनला ट्रेलरसकट बरोबर घेतलं. त्याला फिल्मच्या जमान्याची किंमत कळावी, एवढाच त्यात हेतू होता.

आजीने खोलीचं दार उघडलं आणि ल्युबिवोये दोन पावलं मागे सरकला. आत पुरुषभर उंचीचा लोखंडी राक्षस, लोखंडाच्याच पायावर उभा! कोपऱ्यात भिंतीवर आजीच्या नवऱ्याचा फोटो होता. त्या माणसाची मान ल्युबिवोयेच्या मांडीएवढी होती. फोटोत त्याने गंमत म्हणून एका काखेत वासरू उचललं होतं.

"काखेत मारताय ना?" त्रिफुन म्हणाला. "मी दार धरून उभा राहतो."

आता माघार घेतली असती, तर साडूने जन्मभर ऐकवलं असतं. शेजारचे चार गडी आले, फळ्या लागल्या आणि राक्षस ट्रेलरवर चढला. आजीने वर फिल्मचा एक गोल डबाही दिला. "एवढाच उरलाय," ती म्हणाली.

घरी पोचल्यावर खरी गंमत झाली. ल्युबिवोयेचं घर पाचव्या मजल्यावर. इमारतीतल्या चार जणांना हाताशी धरून यंत्र ढकलत लिफ्टमध्ये घातलं, तर आत माणसाला उभं राहायलाही जागा उरेना. ल्युबिवोयेने हात लांबवून बटण दाबलं आणि सगळे जिन्याने वर पळाले. लिफ्ट कण्हत कण्हत दुसऱ्या मजल्यापर्यंत आली, तिथे एक उसासा टाकला, वीतभर खाली बसली आणि थांबली ती थांबलीच!

दार उघडत होतं. पण यंत्र वीतभर खड्ड्यात! पुढून ओढलं तर हलेना, आणि मागून ढकलायला लिफ्टमध्ये शिरायचं कुठून?

आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या रादोयकाबाई बाहेर आल्या. त्या इमारतीच्या समितीच्या अध्यक्ष. त्यांच्या परवानगीशिवाय इथे मांजरही जिना चढत नसे.

"मास्तर, हे काय आहे?"

"सिनेमायंत्र."

"आमच्या लिफ्टमध्ये?"

"तात्पुरतं आहे हो."

"लिफ्टवाला सोमवारी येईल! सणासुदीला फोनसुद्धा उचलत नाहीत ते!"

तेवढ्यात पाहुणे यायला लागले. स्लावाला कुणाला बोलवावं लागत नाही, आपणहून येतात, आणि नेमके गुडघेदुखीवाले सगळ्यांत आधी येतात! एक मामा दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत पायरीवर बसले ते बसलेच. त्यांच्या शेजारी मामी बसल्या. त्यांना बघून पुढचेही टेकले. बघता बघता जिना भरला. शेवटी विदोसावाच पाचव्या मजल्यावरून माशांची आणि भाजलेल्या घेवड्याची परात घेऊन खाली आली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली.

"काखेत मारून आणायचं होतं ना?" दर खेपेला ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटायची. ल्युबिवोयेला वाटलं, आपणही त्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरावं आणि वरून दार लावून घ्यावं!

बाहेर अंधारून आलं. रादोयकाबाईंनी राकियाचा दुसरा पेला रिकामा केला आणि विचारलं, "निदान चालतं का हे?"

त्रिफुनला तेवढंच हवं होतं. त्याने त्यांच्याच घरातून वायर ओढली, फिल्म चढवली, खटका दाबला. खडखड सुरू झाली! झोत लिफ्टमधून निघाला, पाहुण्यांच्या डोक्यांवरून समोरच्या खिडकीतून बाहेर गेला आणि अंगणापलीकडच्या इमारतीच्या कोऱ्या भिंतीवर भलंमोठं चित्र पडलं! अगदी स्वच्छ, पण उलटं! एक घोडागाडी आभाळात लटकत चालली होती.

"फिल्म उलटी घातलीस, गाढवा!" ल्युबिवोये ओरडला. सबंध दिवसात साडूला बोलायची ही पहिलीच संधी होती!

फिल्म सुलटी झाली. आजूबाजूच्या गच्च्यांत माणसं आली, अंगणात गर्दी जमली. आवाज नव्हता, म्हणून मामाच संवाद म्हणायला लागले. बर्फातून गाडी धावतेय, गाडीत नवरी, एका बाजूला मिशीवाला, दुसऱ्या बाजूला बिनमिशीचा. चर्चच्या दारात ती उतरते, दोघांकडे बघते, नाव सांगायला तोंड उघडते आणि भिंत पांढरी! रीळ संपलं!

"पुढे काय?" अंगणातून आरोळी उठली.

ल्युबिवोये पाच मजल्यांपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने फोनवर ओरडला. "आजी, बाकीची रिळं कुठायत?"

"अरे, ती म्हाताऱ्याने आलुबुखाराच्या झाडांना बांधली! पाखरं घाबरतात चमकून! एखादं असेल कुणाकडे गावात, बघते!"

सोमवारी लिफ्टवाला अवजारं घेऊन हजर झाला. म्हणाला, यंत्राचे तुकडे करून काढावे लागेल, मग लिफ्ट तासाभरात चालू. ल्युबिवोयेने सुटकेचा निःश्वास टाकला. तोवर त्याचे पाय जिने चढून बांबूसारखे ताठ झाले होते. पण रादोयकाबाईंनी जिन्यातच समितीची बैठक बोलावली.

"तुकडे करायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "ती कोणाशी लग्न करते हे कळेपर्यंत यंत्र हलणार नाही. म्हणजे लिफ्टही हलणार नाही. कबूल असेल त्यांनी हात वर करा!"

सगळ्या जिन्यावर हातच हात. ल्युबिवोये आशेने विदोसावाकडे वळला. तिचा हात तर सर्वांत उंच होता!

"अगं, आपण पाचव्या मजल्यावर राहतो!" तो रडवेला होऊन म्हणाला.

"चढायचं काय, चढता येईल हो," विदोसावा म्हणाली. "पण तिने मिशीवाल्याशी केलं, तर मला झोप नाही लागायची!" आणि तिने बटाट्याची पिशवी त्याच्या हातात दिली.