संध्याकाळी चढणारा ताप

मनुबाईंनी कप ओठांपासून चार बोटं वर धरला आणि चहा वरून घशात ओतला. पाणी वरून पितात, ताकही पितात. पण वाफाळलेला चहा वरून पिणारं माणूस गोदावरीने सांगलीत आजवर पाहिलं नव्हतं. मनुबाईंची हनुवटी भाजली, डोळ्यांत पाणी आलं, तरी कपाला त्यांनी ओठ लागू दिला नाही.

“मनुबाई, अहो काय हे?”

“काही नाही गं. तू बस. उभी नको राहूस.” शेजारच्या बिऱ्हाडातल्या मनुबाई दाराकडे सरकत म्हणाल्या, “मिरजेच्या दवाखान्यात दाखवलंत का?”

“कुणाला?”

मनुबाईंनी पदर नाकाला लावला आणि तिच्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की गोदावरीला सगळं समजलं.

तिचे यजमान गंगाधरपंत कचेरीत कारकून होते आणि एका मासिकात त्यांची प्रेमकथा क्रमशः छापून येत होती. नाव त्यांचं, लेखन गोदावरीचं. पहिलं प्रकरण पंतांनी स्वतः लिहून पाहिलं होतं. त्यात नायक नायिकेला बागेत गाठून सांगत होता, की तिच्या कटाक्षास अनुसरून त्याचे हृदय तिच्याकडे वर्ग करण्यात येत आहे. ते दुरुस्त करायला गोदावरीने घेतलं, आणि दुरुस्तीत पंतांचं एकही वाक्य उरलं नाही. ती विज्ञानाची पदवीधर होती. प्रेम तिच्या वाट्याला बेताचंच आलं होतं, पण पाहिलेलं नीट मांडता येत होतं. खोलीत उजेड कुठून येतो, बोलताना हात कुठे अडखळतो, एवढं बिनचूक लिहिलं की वाचणारा प्रेम आपल्या पदरचं घालतो, हे तिच्या लवकरच ध्यानात आलं.

मग संपादकांनी रडू मागितलं. तिने नायकाच्या बायकोला क्षय दिला. संध्याकाळी चढणारा ताप, गालांवरची फसवी लाली, उशीखालचा रुमाल. घर मात्र स्वतःचंच घातलं. दुसरं कुठलं तिला इतकं ठाऊक नव्हतं. लढाईमुळे कागदाची टंचाई, त्यामुळे गल्लीत अंक एकच यायचा आणि मनुबाईंच्या ओसरीवर मोठ्याने वाचला जायचा. कचेरीतला सरळ माणूस हे मनाने कुठून लिहिणार, असं गल्लीने ठरवलं. खिडकी तीच, झोपाळा तोच; मग बायकोही तीच.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला कुंकू काडीने लावलं गेलं. धुळा गवळी उंबऱ्याबाहेर थांबून दूध वरून ओतू लागला.

“वैनी, भांडं खाली ठिवा आन् मागं सरा.”

“अरे धुळा, मला काही झालेलं नाही.”

“न्हाई कसं? समदी गल्ली रडतीया. माजी लेकरं बारकी हायती, वैनी. राग धरू नगा.”

शेवटी ती थर्मामीटर घेऊन मनुबाईंकडे गेली आणि त्यांच्यासमोर तिने तो तोंडात धरून दाखवला. ताप नव्हता.

“आत्ता नसायचाच,” मनुबाई समजुतीने म्हणाल्या. “संध्याकाळी चढतो. पंतांनी लिहिलंय ना.”

वाक्य गोदावरीचं स्वतःचंच होतं. तिने थर्मामीटर पुसून पुन्हा डबीत ठेवला.

“तुम्ही एकदा सांगून टाका ना सगळ्यांना,” तिने पंतांना विनवलं.

“मी खोटं कुठे बोललो? लोक विचारतात, मी उसासा टाकतो.” साहेब त्यांना हल्ली लवकर घरी सोडत. गल्लीतून शिरा येई, तो पंत एकटेच खात, कारण क्षयाला गोड चालत नाही असं आणणारी बजावून जाई. “आणि तू ठणठणीत निघालीस तर हे लिहितं कोण, अशीही चौकशी होईल. कथा संपू दे.”

‘कथा संपू दे’ हे ती दसऱ्यापासून ऐकत होती. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई तेव्हा स्वतः घरी आल्या होत्या; विज्ञान शिकवायला त्यांना ती हवी होती. तिने ‘विचार करून सांगते’ म्हटलं होतं. विचार त्याच दिवशी झाला होता. सांगणं राहिलं होतं.

वैशाखात वाईहून हरीभाऊ नावाचे एक गृहस्थ आले. बैठकीत टेकून त्यांनी खिशातून पत्रिका काढली.

“आमची पुतणी चारुलता. तुमची कथा पाठ आहे तिला. म्हणते, आजारी बायकोचं इतकं करणारा नवरा मिळाला तर बिजवरही चालेल. आमची घाई नाही हो, पंत. सगळं आटोपू दे. नुसता शब्द देऊन ठेवा.”

गंगाधरपंतांनी उसासा टाकला. पत्रिका मात्र हातात घेतली, आणि उजेडाकडे धरली.

गोदावरी चहा घेऊन दारातच थांबली.

“साताऱ्यातही हळहळले लोक,” हरीभाऊ सांगत होते. “शाळेतल्या मोठ्या बाई आमच्या ओळखीच्या. म्हणाल्या, गोदावरीबाईंची फार वाट पाहिली. आता पुण्याहून कुणी मिळते का बघतायत.”

तिने तबक हरीभाऊंसमोर ठेवलं. “मीच गोदावरी. आणि ती कथा मी लिहिते.”

हरीभाऊंनी तिला खालीवर न्याहाळलं. तिचे भरलेले दंड पाहून त्यांचा चेहरा पडला.

“म्हणजे, तुम्हांला काहीच झालेलं नाही?”

“नाही.”

“पंत, ही शुद्ध फसवणूक आहे. पोरगी आस लावून बसलीय.”

“गोदा, आत जा,” पंत पत्रिकेची घडी घालत म्हणाले. “पाहुण्यांसमोर तमाशा नको. हरीभाऊ, मनावर घेऊ नका. तिला अधूनमधून असं होतं.”

“होतं, होतं. या दुखण्यात मेंदूवर जातं,” हरीभाऊंना हायसं वाटलं. “मग चारुलतेला काय सांगू?”

पंत छताकडे पाहू लागले. आणखी एक उसासा तयार होत होता.

“मी सांगते,” गोदावरी म्हणाली. “तिला म्हणावं, बायको मरत नाही. उद्या सकाळच्या मोटारीनं साताऱ्याला चाललीय, शाळेत शिकवायला. आणि परत येत नाही.”