छावणीवरचे दोन हत्ती

साळवीभाऊंच्या दाराची बेल वाजवली की दार लगेच उघडत नाही. आधी आतून आवाज येतो, "हळू! घोडदळ अजून वाळलं नाही."

नव्या माणसाला वाटतं, आपण चुकीच्या घरी आलो. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. महाडात राहायला आले त्याच वर्षी हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मीटिंगला वही घेऊन आलेली मी एकटीच होते. टाकी धुवायची आहे, पाणी भरून ठेवा, हे सांगायला तळमजल्यावर गेले, तर दार चार बोटं उघडलं. फटीतून एक चष्मा, चष्म्यावर दोऱ्याने बांधलेलं भिंग आणि दातांत आडवा धरलेला ब्रश दिसला.

"या वहिनी. पंखा नका लावू, धूळ उडते. बसा. त्या खुर्चीवर नको, तिथे धनुर्धारी आहेत."

मी दुसरीकडे वळले.

"तिथे रथ."

टाकीची सूचना मी उभ्यानेच दिली.

साळवीभाऊ शिशाचे सैनिक रंगवतात. एक सैनिक म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा माणूस. त्याला डोळे, मिशी, धोतराचा काठ, ढालीवर नक्षी. परदेशातून पार्सल येतं आणि त्यात राखाडी रंगाचे सगळे सारखेच गडी असतात. भाऊ त्यांना एकेक करून माणसात आणतात. मग सगळी सेना पेटीत भरून वर्षातून एकदा पुण्याला स्पर्धेला नेतात. तिथे एका हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात. टेबलावर हिरवं कापड, कापडावर खोट्या टेकड्या, आणि समोरासमोर दोन मोठी माणसं मोजपट्टी आणि फासे घेऊन प्राचीन नाहीतर मध्ययुगातली लढाई लढत असतात. एकाकडे रोमन, दुसऱ्याकडे मंगोल. भाऊंकडे सातवाहन. "आपल्या गांधारपाल्याच्या लेण्यांखालून हेच लोक गेले असणार," असं ते अशा खात्रीने सांगतात, की जणू भाऊंनी त्यांना वाटेत पाणी दिलं होतं.

रायगड इतका जवळ असल्यामुळे भेटणारा प्रत्येक माणूस त्यांना एकच प्रश्न विचारतो, "मग महाराजांची सेना का नाही?" भाऊंचं उत्तर ठरलेलं आहे. "एक तर स्पर्धा त्याच्या आधीच्या काळाची. दुसरं म्हणजे, महाराजांचं सैन्य घेऊन मी हरलो, तर परत महाडात पाऊल ठेवू का?"

आणि भाऊ हरायचे. दरवर्षी, न चुकता.

नोकरी त्यांनी औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात केली. गिऱ्हाइकाने आणलेल्या तुकड्याशी रंग जुळवून देणं हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी ती खोड गेलेली नाही. त्यांच्या बाटल्यांवरची नावं वाचण्यासारखी असतात. 'जुलैतली सावित्री' हा घोड्यांचा तपकिरी, नदीच्या पुराच्या पाण्याचा. 'जुनी एसटी' हा झेंड्याचा लाल. 'पाचाडची भातं, दिवाळीनंतर' हा म्यानांसाठी. सोसायटीला रंग द्यायचा ठरला तेव्हा मी तीन ठेकेदारांकडून दर मागवून तक्ता केला, आणि भाऊंनी फक्त एवढंच विचारलं, "वहिनी, पांढरा म्हणजे कुठला पांढरा?" त्यावर मीटिंग अर्धा तास चालली. हा विषय माझ्या यादीत नव्हता.

भाऊंनी लग्न केलं नाही. पोलादपूरकडच्या गावाहून त्यांची मोठी बहीण, आक्का, अधूनमधून तांदूळ घेऊन येते. खुर्च्यांवर सैनिक बसलेले असल्यामुळे ती बिचारी जमिनीवर बसते आणि तिथून तोफ डागते.

"बग गो बाय," ती मला म्हणते, "ह्या वयात भावल्या रंगवतो. लगीन कर म्हनलं तर नाय. मानसांशी बोलाया नको, नुसत्या भावल्या हायत ह्याला."

"आक्का, भावल्या नाहीत. पायदळ आहे."

"पायदळ! मंग सांग त्या पायदळाला भाकरी थापाया."

महाडात पावसाळा म्हणजे सावित्रीवर एक डोळा ठेवून झोपायचं. पुराचा भोंगा झाला की तळमजल्याचं सामान वर न्यायचं, आणि त्याची यादी माझ्याकडे तयार असते. कागदपत्रं, औषधं, टॉर्च, सिलिंडर, धान्य. भाऊंच्या नावासमोर मी 'सैन्य' असं लिहिलंय. पेट्या ते माझ्या घरी आणतात आणि माझ्या कपाटावर सातवाहनांचा मुक्काम पडतो. पण भाऊ स्वतः वर येत नाहीत. सगळे आले का, पहिल्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीसकट वर आणलं का, वॉचमन मामा जागे आहेत का, हे बघून सगळ्यांच्या शेवटी येतात. छातीशी एक स्टीलचा डबा घट्ट धरलेला असतो.

"भाऊ, किती उशीर! गुडघाभर पाणी आलंय."

"छावणी उघडी ठेवायची नसते, वहिनी."

हे त्यांचं पेटंट वाक्य. रोज रात्री सोसायटीचं गेट ओढून बघतात, तेव्हाही हेच. कुणी गॅस चालू ठेवून दाराबाहेर गप्पा मारत असेल, तेव्हाही हेच. मला वाटायचं, एखाद्याला बोलायची लकब असते, तशी ही.

पण भाऊ स्पर्धेहून परत आले की मी हिशेबी माणूस या नात्याने चौकशी करायचे. "काय झालं?"

"मधली फळी फुटली."

"आणि हत्ती? एवढे दोन मोठे हत्ती आहेत ना तुमच्याकडे?"

"ते छावणीवर होते."

आता हे समजून घ्या. या खेळात प्रत्येक सेनेच्या मागे तिची छावणी मांडायची असते. बैलगाड्या, तंबू, चुली. शत्रूने ती लुटली तर मोठं नुकसान होतं, म्हणून शहाणे खेळाडू तिथे चारदोन म्हातारे भालाईत ठेवतात आणि बाकीचे पुढे काढतात. भाऊ तिथे सेनेतले सगळ्यात ताकदवान दोन हत्ती ठेवायचे. पुढे बिचारे बाकीचे लढायचे आणि पडायचे. हत्ती मात्र खेळ संपेपर्यंत कान हलवत उभे.

"भाऊ, ही गोष्ट साधी आहे," मी सांगायचे. "कामाची माणसं कामावर लावायची."

"ती कामावरच असतात, वहिनी."

गेल्या हिवाळ्यात मला मुलीच्या होस्टेलच्या कामासाठी पुण्याला जायचं होतं, आणि तारीख नेमकी स्पर्धेची होती. मी म्हटलं, चला गाडीतून. एरवी ते एसटीने जायचे. एकदा वरंध घाटाच्या वळणांवर पेटी उलटली आणि लढाईच्या आधीच अर्धी सेना कामी आली, तेव्हापासून ते पेटी मांडीवर घेऊन जात. या वेळी पेट्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवल्या. स्टीलचा डबा मात्र भाऊंच्याच मांडीवर.

घाट चढताना भाऊ म्हणाले, "वहिनी, यंदा एक तरी लढाई जिंकायला हवी."

"का बरं? सवय मोडेल."

ते हसले नाहीत. "हॉल लहान आहे. नवी मुलं रांगेत आहेत. यंदापासून जो शेवटचा येईल त्याने जागा सोडायची, असं ठरलंय. मला तीन वर्षं सांभाळून घेतलं त्यांनी."

"मग घरी रंगवा की. रंगवायला कोण अडवतंय?"

"रंगवतो एकटाच," भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण तिथे समोर माणूस बसतो हो. दिवसभर."

मी गियर बदलला. पुढच्या वळणापर्यंत माझं ठरलं होतं. होस्टेलचं काम सकाळीच उरकायचं, आणि नंतर हॉलवर जाऊन बसायचं. या माणसाला एक लढाई जिंकवून द्यायची.

पहिल्या दिवशी मी पोहोचेपर्यंत भाऊ दोनदा हरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकदा. हत्ती जागच्या जागी. दुपारी शेवटची लढाई, समोर मुंबईचा एक दाढीवाला तरुण, मंगोल सेना. मुलगा गोड होता. भाऊंच्या घोड्यांकडे बघून म्हणाला, "अंकल, काय भारी ब्राऊन आहे हा!"

"जुलैतली सावित्री," भाऊ म्हणाले आणि खुलले.

आणि काय योग, त्या दिवशी फासे भाऊंना प्रसन्न झाले. मधली फळी फुटेचना. रथांनी मंगोलांना रेटत टेकडीपाशी नेलं, त्यांचा सेनापती कोपऱ्यात अडकला. आता फक्त एक जोरदार धक्का हवा होता. मी खुर्ची पुढे ओढली.

"भाऊ, हत्ती काढा."

त्या मुलालाही राहवेना. "अंकल, हत्ती आणा ना! मी गेलो बघा."

पण कडेकडेने मंगोलांचे काही घोडेस्वार मागे घुसले होते आणि छावणीच्या रोखाने उभे होते. हत्ती हलले की छावणी त्यांची.

"ते छावणी लुटतील," भाऊ म्हणाले.

"लुटू देत ना," मुलगा म्हणाला. "छावणी गेली तरी तुम्हीच जिंकता. गुण मोजा."

मी मोजले. दोनदा मोजले. मुलगा बरोबर होता. "भाऊ, छावणी गेली तरी आपण जिंकतो. जागा राहते तुमची. काढा हत्ती!"

भाऊंचा हात हत्तीवर गेला. तिथेच थांबला. मला इतका राग आला, की एवढं कुठलं सोनं आहे त्या छावणीत ते बघावं म्हणून मी टेबलावर वाकले. इतकी वर्षं सैन्य माझ्या कपाटावर राहिलं, पण छावणी मी कधी जवळून पाहिली नव्हती. ती त्या स्टीलच्या डब्यात असायची.

तिथले लोक पार्सलमधले नव्हते. ते भाऊंनी स्वतः घडवले होते, गळक्या नळाला लावतात त्या पुट्टीचे. तंबूच्या दारात एक पोटवाला पहारेकरी भाल्याला टेकून झोपला होता. आमचे वॉचमन मामा, तसेच तोंड उघडं टाकून. एक म्हातारी पाट मांडून पापड वाळत घालत होती, तिची मान पहिल्या मजल्यावरच्या आजींसारखी एका बाजूला कललेली. चुलीपाशी एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन, हात नाचवत कुणालातरी फैलावर घेत होती. ती आक्का, दुसरं कोण असणार! आणि सगळ्यांच्या मधोमध, मोहरीच्या पिवळ्या रंगाची साडी नेसलेली, एक हात कमरेवर ठेवलेली, दुसऱ्या हातात ताडपत्रांची चळत आणि कानामागे बोरू खोचलेली एक बाई बैलगाड्या मोजत होती.

दोन हजार वर्षांपूर्वीही मी यादीच करत होते.

"भाऊ, ही मी?"

भाऊंचे कान लाल झाले. 'जुनी एसटी'पेक्षा थोडे फिके. "छावणीत हिशेब ठेवणारं माणूस लागतं," ते टेबलाकडे बघत पुटपुटले.

मंगोल घोडेस्वार माझ्यापासून दोन बोटांवर उभे होते.

मी सरळ झाले. खुर्ची मागे ओढली. "हत्ती राहू देत तिथेच," मी म्हटलं.

त्या मुलाने आधी भाऊंकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. महाडचं पाणीच असं असेल, असा काहीसा त्याचा चेहरा झाला. हत्ती हलले नाहीत. मंगोल सेनापती कोपऱ्यातून निसटला, फासे फिरले, आणि संध्याकाळपर्यंत सातवाहनांची मधली फळी रीतसर फुटली. छावणी शाबूत राहिली. संयोजकांनी चहा पाजला, पाठीवर हात ठेवला, आणि भाऊंची जागा गेली.

परतताना भोर मागे पडलं. डबा भाऊंच्या मांडीवर.

"रागावलात, वहिनी?"

"हो. माझ्याकडे मोहरीच्या पिवळ्या रंगाची साडी नाही. हळदी रंगाची आहे."

"हळदीच होती," भाऊ म्हणाले. "तुम्ही उन्हात वाळत घालता. आता ती मोहरी आणि हळदीच्या मधे आली आहे."

"मग तसा रंग द्या."

"देतो."

घरी आल्यावर मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. सोसायटीच्या मीटिंगच्या खोलीत एक मोठं टेबल पडून होतं, त्याचा हलणारा पाय ठोकून घेतला. हिरवं कापड आणलं. रविवारची दुपार भाऊंच्या नावावर लावली. भाऊंकडून नियम समजून घेतले. त्यांनी मला शत्रू म्हणून एक जुनी सेना दिली आहे, आणि खरं सांगायचं तर मी वाईट खेळत नाही. मी हत्ती पुढे काढते. माझ्या छावणीत अजून कुणी ओळखीचं नाही.

परवा खेळायच्या आधी भाऊंना बोलवायला खाली गेले. बेल वाजवली. बराच वेळ दार उघडेना. मग आतून आवाज आला,

"हळू, वहिनी! तुम्ही अजून वाळला नाहीत."