महाराजांचा लॅपटॉप चोरीस गेला आणि दुरून बंद केला, त्याची हकीकत

श्रीगजाननाचे पायी मस्तक ठेवून, लिहिणाऱ्याचे बोटांस बळ आणि ऐकणाऱ्यांस धीर मागून हकीकत लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, एके राज्यी नागोजीराव महाराज सुखरूप नांदत होते. महाराज दयाळू, पंक्तीतून कोणास उपाशी उठू न देणारे, परंतु खोड एकच, की महाराज नाटक लिहीत होते. नाटक एका थोरल्या सुनेचे, जी सासर सोडून नावेत बैसली, आणि दोन अंक जाहले आणि तिसरा कैक वर्षे अडला. सर्व मजकूर एका लॅपटॉपात, दुसरी प्रत नाही. महाराज ज्यास त्यास बसवून वाचून दाखवीत, आणि मंडळी पहिल्या अंकाचे मध्यावरच घरी पाहुणे आले, घोडा सुटला, ऐसे सांगून पसार होत. खोटे कशास लिहू, आम्हीही घोडा सोडिला आहे. राणीसाहेब राजसबाई तेवढ्या शेवटपर्यंत बैसत, आणि त्यांसही अंमळ डुलकी लागे.

तों जत्रेचे गर्दीत महाराजांचे तंबूतून लॅपटॉप गेला. त्यास पासवर्ड नव्हता, कारण आपल्याच माणसांत कुलूप काय लावावे, बरे दिसत नाही, ऐसे महाराजांचे म्हणणे. महाराजांनी अन्न टाकिले आणि म्हणाले, "यंत्र जावो, पण माझी सून गेली हो." मग कारभारी विसाजीपंत मुजरा करून बोलिले, "सरकारांनी चिंता न करावी. येथून हुकूम सोडिता लॅपटॉप चोराचे हाती जागच्या जागी बंद पडतो. मात्र आत राज्याची गुप्त कागदपत्रे आहेत, सबब सारे पुसून टाकावे हे उत्तम." महाराज म्हणाले, "आणि नाटक?" पंत म्हणाले, "तेही जाईल." यावर दरबाराने माना डोलाविल्या, आणि त्या इतक्या झटपट डोलल्या की राणीसाहेबांचे ध्यानी आले. त्या म्हणाल्या, "पंत, पुसू नका. नुसते कुलूप घाला. त्यांची सून परत आली पाहिजे."

मग हुकूम लगोलग सुटावा, तर राज्याची रीत आडवी आली. मायन्यावाचून हुकूम नाही, आणि सर्व मानकऱ्यांस विडे दिल्यावाचून शिक्का नाही. चोरास 'राजेश्री' लिहावे की न लिहावे यावर वाद पडला. एक म्हणे चोरास मान कैसा, दुसरा म्हणे अनोळखी माणसास अरेतुरे कैसे करावे, आणि तिसरा मानकरी बहिणीकडे गेला होता, त्याची वाट पाहणे प्राप्त जाहले. दुसरे दिवशी दुपारी शिक्का उठला आणि चोराचे समोर पडद्यावर मजकूर उमटला, "राजेश्री चोर यांसी आशीर्वाद. लॅपटॉप बंद केला आहे, तुमचे उपयोगाचा नाही. वाड्यावर आणून द्यावा. शिक्षा होणार नाही, जेवून जावे."

सांजेस सटवोजी नामे तो चोर लॅपटॉप घोंगडीत गुंडाळून हजर जाहला. महाराजांनी पुसिले, "जेवावयास आलास काय?" तो बोलिला, "जेवण ऱ्हाऊ द्या सरकार. कालपासनं दोन अंक वाचले. सून नावंत बसली, पल्याड कुणी कंदील धरलाय, आन् तिसरा अंक उघडाया गेलो तर तुमचं कुलूप पडलं. आधी सांगा, पल्याड नवरा हाय का भाऊ?" महाराज म्हणाले, "बाबा रे, तिसरा अंक लिहिलाच नाही." सटवोजी रागावला. "मंग कुलूप घातलंत कशाला?" महाराज म्हणाले, "पुढे काय, ऐसे आजवर कोणी पुसिलेच नाही रे," आणि डोळे पुसू लागले, आणि राणीसाहेबही पुसू लागल्या. मग पंतांनी कुलूप काढिले आणि महाराज तेथेच लिहावयास बैसले, आणि सटवोजी समोर मांडी ठोकून बैसला. जेवण दोघांसही तेथेच वाढिले.

तात्पर्य, लॅपटॉप आला, गुप्त कागदपत्रे कोणी उघडूनही पाहिली नव्हती, आणि तिसरा अंक पुरा जाहला. सटवोजी आता नाटकाच्या प्रती राखण्याचे कामावर आहे. नवा घातलेला पासवर्ड त्यास पाठ आहे, महाराज विसरतात. तिसरा अंक वाचिला तेव्हां राणीसाहेब टक्क जाग्या होत्या, आणि आम्ही शेवटपर्यंत ऐकिला. घोडा बांधलेलाच होता. हे लिहिले बरोबर.