पुराव्याची बरणी

गोपाळकृष्ण लेले लोणावळ्याच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण पाण्यावरचा त्यांचा संशय अजून सेवेत होता. न उकळलेलं पाणी त्यांच्या लेखी विषच. त्यामुळे लेकीने, कौमुदीने, पुण्याहून आईसाठी महागड्या मिनरल वॉटरचे खोके पाठवले, तेव्हा त्यांनी पहिली बाटली फोडली ती थेट पातेल्यात, आणि गॅस पेटवला.

त्यांच्या पत्नी पद्मजाबाईंचं कॅल्शियम कमी निघालं होतं. दुधाचा त्यांना वास यायचा, गोळ्यांनी पोट बिघडायचं. डॉक्टर म्हणाले, नाचणी-तीळ खा आणि कॅल्शियम जास्त असलेलं मिनरल वॉटर पिऊन बघा. कौमुदीने वर दमही भरला होता. "दोन महिने बघेन, बाबा. रिपोर्ट सुधारला नाही तर आईला मी पुण्याला नेणार. तुमच्याच्याने तिचं पथ्य होत नाही." चाळीस वर्षांत पद्मजाबाई माहेरीसुद्धा आठवड्याच्या वर राहिल्या नव्हत्या. त्या गेल्या तर आपल्याला घर खायला उठेल, हे गोपाळकृष्णांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तर ते एवढ्या निष्ठेने उकळत होते. रोज दोन बाटल्या, घड्याळ लावून वीस मिनिटं, मग मलमलच्या फडक्याने गाळून पुन्हा बाटलीत. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसायचा.

"बघ, काय घाण विकतात!" ते म्हणायचे, आणि तो थर चमच्याने खरवडून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवायचे. कंपनीला ग्राहक मंचात खेचायचं तर पुरावा हवा.

दोन महिने भरले. दोघांनीही रक्त दिलं, कारण तपासणीत जोडप्याला सवलत होती आणि सवलत सोडणं लेल्यांच्या रक्तात नव्हतं. रिपोर्ट घेऊन कौमुदी संध्याकाळी यायची होती. त्याच सकाळी बरणी काठोकाठ भरली. ती आणि एक बाटली घेऊन गोपाळकृष्ण शेजारच्या अनघाकडे गेले. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची.

अनघाने बाटलीवरचं लेबल वाचलं, पावडरीवर लिंबू पिळलं. पावडर फसफसली.

"काका, हे कॅल्शियमच आहे. असं पाणी उकळलं की ते तळाशी बसतं. काकूंना तुम्ही काय प्यायला दिलंत?"

"वरचं," गोपाळकृष्ण क्षीण आवाजात म्हणाले. "गाळून."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. घरी येईपर्यंत त्यांची पाचावर धारण बसली होती. रक्त तर देऊन झालेलं, पण घाबरलेल्या माणसाला हिशेब कुठला? दुपारी त्यांनी बायकोच्या ताकात दोन महिन्यांची भरपाई म्हणून दोन चमचे पावडर ढवळली.

"अहो, ताक का फसफसतंय?"

"ताजं आहे."

पद्मजाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि ताक मोरीत ओतलं.

संध्याकाळी कौमुदी आली. तिने रिपोर्टच्या पाकिटाला हात लावायच्या आतच गोपाळकृष्णांनी बरणी टेबलावर ठेवली. "आईचं सगळं कॅल्शियम यात आहे. चूक माझी. पण तिला नेऊ नकोस गं. मला करमणार नाही."

कौमुदीने कागद काढला. "पण आईचं तर छान वाढलंय!"

केर काढणाऱ्या कस्तुराबाईंचा झाडू थांबला. पद्मजाबाईंनी पदर सावरला.

"तुमचं उकळलेलं पाणी मी पहिल्या दिवसापासून गुलाबांना घालतेय. चवच नाही त्याला."

"मग तू पीत काय होतीस?"

"आमच्या कान्हे गावच्या बोरचं पानी," कस्तुराबाई म्हणाल्या. "रोज लोकलनं क्यान आनते. लय जड हाय बगा भाऊ. डाळ शिजत न्हाई, साबनाला फेस न्हाई. पन आमची सासू ऐंशीची झाली, अजून खुरपायला बसती. पंचायतीनं तपासून घेतलंय ते, चुना लय हाय पन प्यायला चांगलं म्हनले."

"आणि तू ते कच्चं प्यायलीस? दोन महिने?"

"कच्चंच," पद्मजाबाई म्हणाल्या. "आणि जिवंत आहे."

"एक मिनिट," कौमुदीने दुसरा कागद उलगडला. "बाबा, तुमचं कॅल्शियम कमी आलंय. आईचं आधी होतं त्यापेक्षाही कमी." तिने कागदाची घडी घातली. "नियम सगळ्यांना सारखा. बॅग भरा, पुण्याला चला."

गोपाळकृष्णांनी बायकोकडे पाहिलं. पद्मजाबाईंनी कॅनमधलं पेलाभर पाणी त्यांच्यापुढे सरकवलं.

"निदान गाळून तरी?"

"नाही."

त्यांनी पेला उजेडात धरला, वास घेतला, डोळे मिटले आणि एका दमात रिकामा केला. मग घड्याळाकडे बघत ते परिणामाची वाट पाहू लागले. काहीच झालं नाही.

"कस्तुराबाई," ते शेवटी म्हणाले, "उद्यापासून दोन कॅन आणा. मी स्टेशनवर घ्यायला येतो."